समुद्रात टाकलेली पेटी

"सेकंड, या पाण्यात एक पेटी आहे."

रात्रीचे दोन वाजून गेले होते. बारा ते चारची वॉच. सिॲटलला धान्य भरून आम्ही मनिलाकडे निघालो होतो. अठरा दिवस पाण्याशिवाय काही पाहिले नव्हते आणि आता सान बर्नार्दिनोची सामुद्रधुनी जवळ येत होती. रात्री ब्रिजवर दिवे लावत नाहीत. रडारचा मंद उजेड तेवढा होता, आणि पुढच्या काचेशी माझ्या लुकआउटची आकृती. हे इलोइलोचे गृहस्थ, वयाने माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळे फिलिपिनो खलाशी त्यांना 'कुया' म्हणत, म्हणून मीही म्हणे. कुया म्हणजे थोरला भाऊ.

"कसली पेटी?"

"जडजवाहिराची. एका पाद्र्याने कड्यावरून टाकली. १८९१ साली."

मी चार्टवर वाकलो. बुडालेल्या जहाजांची खूण असते, ती शोधू लागलो. कुया काचेवरून नजर न हलवता म्हणाले, "चार्टवर नाही मिळायची. पुस्तकात आहे."

हे २००३ सालचे. तोवर फिलिपाइन्सशी माझा संबंध दोन गोष्टींपुरता होता. एक म्हणजे जहाजावरची माणसे. जगातल्या कुठल्याही जहाजावर चढा, तिथे ती असतातच. दुसरी म्हणजे 'मॅगसेसे' हा शब्द. विनोबांना पहिल्याच वर्षी, १९५८ साली मिळालेला पुरस्कार, बाबा आमट्यांना मिळालेला पुरस्कार. शाळेत सामान्यज्ञानाच्या वहीत लिहिलेला. मॅगसेसे हे एका राष्ट्राध्यक्षाचे आडनाव आणि १९५७ साली सेबू बेटावरच्या डोंगरावर विमान कोसळून तो गेला, हेसुद्धा मला कुयांनीच सांगितले. त्या देशाला लेखक असतील, आणि एखादा खलाशी काळोखात उभा राहून त्यांच्याबद्दल घरच्या माणसांसारखे बोलेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

पेटी टाकली ती होसे रिसालच्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' या कादंबरीत. सिमौन नावाचा जवाहिऱ्या आहे. स्पॅनिश गव्हर्नर-जनरलच्या बैठकीत ऊठबस, डोळ्यांवर निळा चष्मा, आणि पोटात सूड. तो खरा तेरा वर्षांपूर्वी मेला असे समजला गेलेला इबारा आहे, रिसालच्या आधीच्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीचा नायक. तेव्हा त्याला गावात शाळा बांधायची होती. आता त्याला राज्य जाळायचे आहे. बेत फसतो. विष घेतलेला सिमौन समुद्रकाठी एकट्या राहणाऱ्या पाद्रे फ्लोरेंतिनोच्या घरी मरतो, आणि तो म्हातारा देशी पाद्री त्याची पेटी उचलून पॅसिफिकमध्ये भिरकावतो. ज्या संपत्तीने माणसे विकत घेतली, ती पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून. पण नुसते एवढेच नाही. एखाद्या पवित्र कामासाठी तिची गरज पडेल, त्या दिवसापर्यंत समुद्राने ती सांभाळावी, ही त्याची इच्छा आहे. कादंबरी तिथे संपते.

"चौथीला वाचायची असते," कुया म्हणाले. त्यांच्या हायस्कूलची चौथी. कायदाच आहे तसा. १९५६ साली चर्चचा कडवा विरोध पत्करून तो झाला: रिसालच्या दोन्ही कादंबऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचायच्याच. कुया शाळेत होते तेव्हा देशात मार्शल लॉ होता. वर्गात हुकूमशहाचा फोटो भिंतीवर, आणि समोर बाकावर जुलमाविरुद्धची कादंबरी. काही शिक्षक ती चालीवर पाठ करून घेत आणि पुढे जात. कुयांचे मास्तर पेटीपाशी थांबले होते. त्यांनी मुलांना विचारले होते, आता ही कोण काढणार?

त्या प्रवासात आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे मी रिसाल वाचत आलो. त्याच्या आयुष्यात दिवा दोनदा येतो. पहिला कालांबाच्या घरातला. आई तेओदोरा अलोन्सो दिव्याच्या उजेडात मुलाला स्पॅनिश वाचायला शिकवायची. एका रात्री ती पतंगाची गोष्ट वाचून दाखवत होती. ज्योतीपासून दूर राहा म्हणून आईने सांगितले आणि पिल्लाने ऐकले नाही, अशी. मुलाचे कान गोष्टीकडे आणि डोळे मात्र समोरच्या खऱ्या दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या किड्यांवर. पुढे त्याच आईला खोट्या आळापायी पकडून पायी चालवत नेले आणि अडीच वर्षे तुरुंगात ठेवले. मुलगा युरोपात जाऊन डोळ्यांचा डॉक्टर झाला, कारण आईची दृष्टी जात चालली होती. 'नोली'त सिसा नावाची आई आहे. तिच्या मुलांवर चोरीचा आळ येतो आणि ती वेडी होते. तिच्याबद्दल रिसालला काही कल्पनेने रचावे लागले असेल असे मला वाटत नाही.

'नोली' छापली गेली १८८७ साली, बर्लिनमध्ये. लेखकाजवळ खायला पैसे नव्हते. माक्सिमो विओला या मित्राने ३०० पेसो दिले, २००० प्रती निघाल्या. सव्विसाव्या वर्षाला टेकलेला एक तरुण, बर्लिनचा हिवाळा, आणि पानापानांत लगुनाच्या सरोवराकाठचे ऊन.

दुसरा दिवा म्हणजे खरे तर स्पिरिटचा छोटा स्टोव्ह. २९ डिसेंबर १८९६. रिसाल मनिलाच्या फोर्ट सांतियागोमध्ये कैदेत आहे; स्पॅनिश सरकारने फर्मावल्याप्रमाणे उद्या सकाळी मरायचे आहे. भेटीला आलेल्या बहिणींपैकी त्रिनिदादला तो हळूच म्हणाला, आत काहीतरी आहे. इंग्रजीत म्हणाला, कारण पहाऱ्यावरच्या स्पॅनिश शिपायांना इंग्रजी कळत नव्हते. स्टोव्हच्या आत घडी घातलेला कागद होता: नाव नसलेली, सही नसलेली, स्पॅनिशमधली निरोपाची कविता. दुसऱ्या दिवशी बागुम्बायानच्या मैदानात त्याला पाठीत गोळ्या घातल्या. पडता पडता त्याने अंग वळवले, तोंड आभाळाकडे करून पडला, असे सांगतात. वय पस्तीस.

त्या कुजबुजीपाशी मी नेहमी थांबतो. त्या क्षणी इंग्रजी ही लपवायची भाषा होती, कोणाला न कळणारी. दोनच वर्षांत अमेरिकेने ती बेटे स्पेनकडून घेतली. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून पाचशेहून अधिक अमेरिकन शिक्षक उतरले, आणि कुजबुजीची भाषा फळ्यावर चढली. १९२५ साली पाझ मार्केझ बेनितेझ यांची 'डेड स्टार्स' ही कथा आली तेव्हा त्या फळ्यासमोरची मुले मोठी झाली होती. एका पिढीत देशाची लिहायची भाषा पालटली. आजोबांची पत्रे नातवाला वाचता येईनात. खुद्द रिसालनेही तिसरी कादंबरी तागालोगमध्ये आरंभून सोडून दिली होती. स्वतःच्या आईच्या भाषेत तो कादंबरी पुरी करू शकला नाही, ही गोष्ट मला त्याच्या मृत्यूइतकीच लागते.

कुयांची आईची भाषा तागालोगही नव्हे. इलोइलोत हिलिगायनोन बोलतात. त्यांच्या शेजारच्या हारो भागात माग्दालेना हालांदोनी राहायच्या. १८९१ साली, म्हणजे पेटी समुद्रात पडली त्याच वर्षी जन्मलेल्या या बाईंनी १९०९ साली पहिली कादंबरी छापली, आणि मग सत्तर वर्षे लिहीत राहिल्या; तीसहून अधिक कादंबऱ्या, सगळे हिलिगायनोनमध्ये. मनिलात त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल? कुयांची आई मात्र त्यांच्या कादंबऱ्यांतल्या बायकांवर शेजारणींइतक्या हक्काने रागवायची. राष्ट्राचे साहित्य म्हटले की राजधानीतले पुतळे दिसतात. मला त्यात ही इलोइलोची स्वयंपाकघरातली चिडचिडही धरावीशी वाटते.

आमच्या कोकण किनाऱ्याशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण छापले गेले, मराठी ओवीत. तेव्हा गोवा आणि मनिला एकाच राजाच्या ताब्यात होते; स्पेनचा तिसरा फिलिप पोर्तुगालच्याही गादीवर होता. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत गास्पार आकिनो दे बेलेन याने येशूच्या दुःखभोगाची कथा तागालोग पद्यात रचली. अशा रचनेला 'पास्योन' म्हणतात. उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात गल्लोगल्ली मांडव घालून ती दिवसरात्र आळीपाळीने गातात. राज्यकर्त्यांना माणसे सोशिक व्हायला हवी होती. पण रेनाल्डो इलेतो या इतिहासकाराने १९७९ साली एक वेगळीच गोष्ट दाखवली: दुःख, वाट चालणे, शेवटी उजाडणे, हे पास्योनमधले शब्दच शेतकऱ्यांनी बंडासाठी उचलले. ज्यांनी ती रचली त्यांना हे ठाऊक नव्हते. आत काहीतरी होते.

एकदा हे दिसायला लागले की सगळीकडे दिसते. फ्रान्सिस्को बालाग्तासचे 'फ्लोरांते आत लाउरा' १८३८ सालचे. कथा घडते आल्बेनियात. झाडाला बांधलेला ड्यूकचा मुलगा, फितूर सरदार, लुटलेले राज्य. स्पॅनिश सेन्सॉरने आल्बेनियाची गोष्ट म्हणून सोडून दिली. वाचणाऱ्याला आल्बेनिया कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नव्हती. झाडाला कोण बांधलेले आहे ते कळत होते. बारा अक्षरांच्या ओळी, चारही ओळींना एकच यमक. कुया एका रात्री त्यातली काही कडवी म्हणाले. मला शब्द एक कळला नाही, पण ओळीच्या मध्यावर येणारा विसावा कळला. आमच्याकडे जाळे ओढताना श्वास तिथेच घेतात.

मनिलात माल उतरायला नऊ दिवस लागले. कुया घरी इलोइलोला विमानाने दोन दिवस जाऊन आले, आणि मी शहरात हिंडलो. फोर्ट सांतियागोत कोठडीपासून मैदानाकडे निघालेल्या रिसालच्या पावलांचे ठसे धातूत ओतून जमिनीत बसवले आहेत. मी त्या ठशांवर पाय ठेवत चाललो आणि थोड्या वेळाने बाजूला झालो. तिथून पाकोच्या जुन्या गोल स्मशानात गेलो. गोळ्या घातल्यावर प्रेत इथे गुपचूप, पेटीशिवाय पुरले होते. नार्सिसा नावाच्या बहिणीने जागा हुडकली आणि रखवालदाराला सांगून वर संगमरवरी खूण ठेवली, त्यावर तीन अक्षरे: आर, पी, जे. होसे प्रोतासिओ रिसालची आद्याक्षरे, उलटी.

याच पाकोत निक होआकिन जन्मला, १९१७ साली. इंग्रजीत लिहिणारा, पण त्या इंग्रजीत स्पॅनिश मनिलाच्या घंटा वाजत ठेवणारा. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेले जुने शहर त्याने 'अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट ॲज फिलिपिनो' या नाटकात दोन अविवाहित बहिणींच्या घरात जपून ठेवले आहे. त्याला मॅगसेसे मिळाला १९९६ साली, पांडुरंगशास्त्री आठवल्यांना मिळाला त्याच वर्षी. आमच्या किनाऱ्यावर आठवल्यांच्या 'मत्स्यगंधा' होड्यांवर पाळीने जाणारे कोळी होते, म्हणून ते साल मला पाठ होते.

पण होआकिनबद्दल मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९७६ साल. हुकूमशहा मार्कोसच्या सरकारने त्याला 'नॅशनल आर्टिस्ट' हा सर्वोच्च किताब देऊ केला. त्याने अट घातली: तुरुंगातला होसे लाकाबा सोडा, मग घेतो. लाकाबा कवी आणि पत्रकार. १९७३ साली सरकारच्या मर्जीतल्या एका मासिकात त्याची एक इंग्रजी कविता टोपणनावाने छापून आली होती, ग्रीक पुराणातल्या प्रॉमिथियसवर. अंक विक्रीला गेल्यावर कोणीतरी ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचली. मार्कोसला हिटलर, हुकूमशहा आणि पाळीव कुत्रा म्हणणारी मोर्चातली घोषणा निघाली. अंक परत गोळा करायला माणसे धावली. लाकाबा सुटला. होआकिनने किताब घेतला. बक्षीस घ्यावे की नाकारावे यावर लेखक मंडळी फार बोलतात. बक्षिसाच्या बदल्यात एक माणूस सोडवून आणणारा मला हा एकच ठाऊक आहे.

पाद्रे फाउरा रस्त्यावर 'सॉलिदारिदाद' नावाचे पुस्तकांचे दुकान आहे. १८८९ ते १८९५ या काळात स्पेनमधले फिलिपिनो निर्वासित चालवत त्या वर्तमानपत्राचे हे नाव. दुकान १९६५ साली एफ. सिओनिल होसे या कादंबरीकाराने काढले. लहानपणी 'नोली'तल्या सिसाच्या मुलांवर आळ येतो ते वाचून हा रडला होता. पुढे रोसालेस या आपल्या गावावर त्याने पाच कादंबऱ्या लिहिल्या. जमीनदार, कुळे, आणि शहरात जाऊन कुळांना विसरणारी त्यांची शिकलेली मुले. मी तिथून 'नोली'चा इंग्रजी अनुवाद घेतला. तो अजून माझ्याजवळ आहे, खाऱ्या हवेने पाने फुगलेला.

कुया परत आले ते एक व्हीसीडी घेऊन. 'देकादा सत्तर'. लुआल्हाती बाउतिस्ताच्या कादंबरीवरचा सिनेमा, पटकथाही तिचीच. मेसरूममध्ये सगळे दाटीवाटीने बसले. मनिलातल्या तोंदोच्या वस्तीत वाढलेली, कॉलेज अर्धवट सोडलेली ही बाई साध्या, रोजच्या तागालोगमध्ये लिहायची. कथा सांगते ती आई, आमांदा बार्तोलोमे. पाच मुलगे. एक बंडखोरांबरोबर जंगलात जातो, एकाचे प्रेत मिळते. नवरा वाईट नाही, पण बायकोला मत असते हे त्याला सुचलेले नाही. मार्शल लॉवर लिहिणाऱ्या बाकीच्यांनी लढणाऱ्या मुलाला मध्यभागी ठेवले. बाउतिस्ताने त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला ठेवले, आणि ती बाई हळूहळू विचार करायला लागते ते दाखवले. ती कादंबरी तिने मार्कोसच्या हयातीत लिहिली आणि १९८३ साली तिला पालांका पारितोषिक मिळाले. सिनेमा संपला तेव्हा मेसरूममध्ये कोणी उठेना. आमच्या चीफ कुकने दिवा लावला नाही.

मनिला सोडल्यावर पुन्हा बारा ते चार. मी कुयांना विचारले, "मग ती पेटी? तुमच्या मास्तरांनी विचारले होते ना, कोण काढणार?"

"काढली," ते म्हणाले. "हेर्नांदेसने काढली."

अमादो हेर्नांदेस, तोंदोचा पत्रकार, कामगार संघटनांचा पुढारी. १९६९ साली छापलेल्या त्याच्या 'म्गा इबोंग मांदारागित', म्हणजे 'शिकारी पक्षी', या कादंबरीत जपान्यांविरुद्ध लढणारा एक तरुण डोंगरात लपलेला असतो. तिथे स्पेनविरुद्धच्या क्रांतीच्या काळातला एक म्हातारा त्याला सिमौनच्या पेटीची हकिगत सांगतो. तो तरुण जाऊन समुद्रात बुडी मारतो आणि पेटी वर आणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी! एका लेखकाने पाण्यात टाकलेली वस्तू दुसऱ्या लेखकाने वर काढली, आणि त्या पैशांतून त्याच्या नायकाने वर्तमानपत्र काढले. नायकाने घेतलेले आडनाव 'प्लारिदेल'. 'ला सॉलिदारिदाद' चालवता चालवता १८९६ साली बार्सिलोनात क्षयाने मेलेल्या मार्सेलो देल पिलारचे हे टोपणनाव. देल पिलारने बायकोला आणि दोन मुलींना सात वर्षांहून अधिक काळ पाहिले नव्हते. नऊ महिन्यांचा करार संपता संपत नाही अशा माणसांनाच ही सात वर्षे मोजता येतील.

हेर्नांदेस स्वतः १९५१ साली बंडाच्या आरोपाखाली पकडला गेला, पाचेक वर्षे आत राहिला. सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडले तेव्हा १९६४ साल उजाडले होते. कोठडीत त्याने कविता लिहिल्या. त्या संग्रहाचे नाव 'इसांग दिपांग लांगित'.

"इसा म्हणजे एक, लांगित म्हणजे आभाळ," कुया म्हणाले. "दिपा कसे सांगू..." आणि काळोखात त्यांनी दोन्ही हात आडवे ताणले, या बोटांपासून त्या बोटांपर्यंत.

"वाव," मी म्हणालो.

हर्णैला माझे आजोबा तांडेल होते. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, तळ लागला की वर ओढताना छातीसमोर हात पसरून मोजायची: एक वाव, दोन वाव, तीन वाव. इंग्रजीत फॅदम शिकलो, मीटर शिकलो, पण खोली म्हटली की मला आजोबांचे पसरलेले हातच आठवतात. आणि इथे एका माणसाने कोठडीच्या खिडकीतले आभाळ त्याच मापाने मोजले होते. वावभर आभाळ.

कुयांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. वाव. मग आम्ही ब्रिजच्या बाहेर पंखावर आलो. वारा पडला होता. पूर्वेला अजून काही उजळले नव्हते. कुयांनी कठड्याच्या एका टोकाला बोटे टेकवली, हात ताणला, दुसरी बोटे पोचली तिथे खूण धरून पुढे सरकले. त्यांच्यामागून मी. त्यांच्या हातांनी पाच भरले आणि वीतभर उरली. माझ्या हातांनी पाच पुरते भरले. मी रडारकडे एक नजर टाकून आलो, ते पुन्हा काचेशी जाऊन उभे राहिले, आणि चारला दहा मिनिटे असताना पुढची वॉच वर आली.